ताटवाली

ताटवालीला एकटीनं जेवता येत नसे. काही माणसांना पोहता येत नाही, काहींना सायकल येत नाही, तसं हिला एकटीनं जेवणं येत नव्हतं. घास तोंडात जायचा आणि तिथंच फिरत राहायचा. समोर कुणीतरी लागायचं. कोण, याला महत्त्व नव्हतं. मी असले तर मी, नाहीतर निंदायला आलेल्या बायका, नाहीतर विहिरीवरची मोटार दुरुस्त करायला आलेला माणूस. एकदा घरात, मळ्यात कुणीच नव्हतं, तेव्हा ती गोठ्यात म्हशीसमोर बसून जेवली. म्हैस रवंथ करत होती, ही वरणभात खात होती. दोघींचं बरं चाललं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे त्यांची ही मुलगी. नाव सायली. वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात, आई दुपारच्या शाळेत शिक्षिका. राहायला आले तेव्हा पोरगी तिसरीत होती. तिची शाळा सकाळची. ती घरी यायची तेव्हा आई गेलेली असायची आणि ओट्यावर ताट वाढून झाकून ठेवलेलं असायचं. ही कुलूप काढायची, दप्तर टाकायची, ताट उचलायची आणि जिना उतरून माझ्या ओसरीवर यायची. जिन्यावर वाटी ताटात खडखडली की मळ्यातल्या बायका म्हणायच्या, "आली बघा ताटवाली." तेच नाव राहिलं. आमच्या मखमलाबादच्या वाटेवरच्या निम्म्या लोकांना तिचं खरं नाव माहीत नसेल.

तिच्या आईला ते आवडायचं नाही. ती रविवारी घरी असली की वरून ओरडायची, "अगं, भिकाऱ्यासारखं काय दारोदार ताट घेऊन फिरतेस? आजींना त्रास नको देऊ." मी खालून सांगायचे, "बाई, ती माझ्या घरचं खात नाही, तुमच्याच घरचं खाते. मला कसला त्रास?" त्यात मया नव्हती, खरं तेच बोलले होते. मला लहान पोरांचं फार कौतुक नाही. माझी दोन पोरं मी शेताच्या बांधावर टाकून वाढवली. मुलगी दिंडोरीला दिली, मुलगा पुण्याला गेला. पोरं मोठी होतात आणि जातात, त्यात रडण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

पहिल्या दिवसांत मला वाटलं, पोरगी माझ्या ताटाकडं बघायला येते. म्हणून मी भाकरीचा तुकडा पुढं केला. तर म्हणाली, "आजी, तुम्ही मला काही देऊ नका. नुसत्या बसा." मी म्हटलं, "मला कामं आहेत." ती म्हणाली, "मग कामं करत बसा. पण दिसाल अशा बसा." मग मी मेथीच्या जुड्या बांधत बसायचे आणि ती जेवायची.

जेवताना ती अखंड बोलायची. शाळेत कुणाची बाटली सांडली, बाईंनी कुणाला बाहेर उभं केलं, रिक्षावाले काका कुणावर चिडले. तोंडात घास आणि घासावरून शब्द. मी सांगितलं, "आधी गिळ, मग बोल." तर म्हणे, "आजी, घास तोंडात असला की मला सुचतं. गिळला की विसरते." तिच्या आईला, वडिलांना तिच्या शाळेतलं काही माहीत नसायचं, आणि मला सगळं माहीत असायचं. ते दोघं संध्याकाळी दमून यायचे आणि विचारायचे, "काय झालं शाळेत?" ही म्हणायची, "काही नाही." सगळं दुपारच्या ताटाबरोबर माझ्या ओसरीवर संपलेलं असायचं.

एकदा, सातवी-आठवीत असेल, तिनं मला विचारलं, "आजी, तुम्ही एकट्या कशा जेवता?"

"तोंडानं."

"तसं नाही हो."

"तसंच. ताट घ्यायचं, जेवायचं, ताट घासायचं."

"कंटाळा नाही येत?"

"भूक लागल्यावर कसला कंटाळा?"

तिनं बोटं चाटली. मग म्हणाली, "मला नाही बाई जमणार. मी लग्नच अशा घरात करीन की जिथं वीस माणसं असतील." बायका हसल्या. एक म्हणाली, "वीस माणसांच्या घरात तुला जेवायलाच मिळायचं नाही, ताटवाले. तू वाढत बसशील."

पोरगी हुशार होती. कॉलेजचं एक वर्ष इथं झालं आणि तिनं जर्मनीला जायचं ठरवलं. पाण्याचं काहीतरी शिक्षण, नदीचं घाण पाणी साफ कसं करायचं ते. मला ते पटलं. गोदावरीचं पाणी बघितल्यावर कुणालाही पटेल. वडिलांची छाती फुगली. आई ज्याला त्याला सांगत सुटली. जायच्या आधी महिनाभर वर नुसती वर्दळ. जो येईल तो सल्ला देऊन जायचा. कुणी म्हणायचं थर्मल घे, कुणी म्हणायचं कुकर घे. चहाबरोबर एकेकाचा सल्ला वरून खाली ऐकू यायचा. ती जेवणार कशी, हे एकानंही विचारलं नाही.

वडिलांनी तिला एक गोष्ट मात्र शहाणपणाची सांगितली. माझ्यासमोरच सांगितली. "एक सेमिस्टर काढ. पहिले सहा महिने. त्यानंतर नाहीच जमलं तर परत ये, मी एका शब्दानं बोलणार नाही. पण एक सेमिस्टर पूर्ण कर." ती "हो बाबा" म्हणाली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं तेव्हाच दिवस मोजायला सुरुवात केली होती.

निघाली तेव्हा आईनं ओवाळलं, हातावर दही दिलं, रडली. ताटवाली माझ्या पाया पडायला खाली आली. मी म्हटलं, "वेळेवर जेवत जा."

ती म्हणाली, "कुणासमोर?"

गाडी दारात हॉर्न वाजवत होती. मी म्हटलं, "जा, उशीर होतोय."

गेल्यावर पंधरा दिवस सगळं छान चाललंय असंच वरून ऐकू येत होतं. आई जिन्यात थांबून मला फोटो दाखवायची. इमारती, झाडं, ही लाल कोटात. आई म्हणायची, "रमली हो." मी फोटो बघितला आणि म्हटलं, "गाल बसलेत." आईला राग आला. म्हणाली, "थंडीमुळे दिसतं तसं." चेहरा बघून भुकेला कोण आणि गारठलेला कोण एवढं मला कळतं.

मग एक दिवस पाच वाजायच्या सुमारास माझा फोन वाजला. आम्ही ओसरीवर जुड्या बांधत होतो. संध्याकाळी मार्केटला पालेभाजीचा लिलाव असतो, दिवस कलला की टेम्पो दारात येतो, त्याच्या आत सगळा माल बांधून हवा. त्या वेळेला मी देवाचा फोन आला तरी घेत नाही. पण मुलानं शिकवून ठेवलं होतं की तोंड दिसणारा फोन असला की हिरवं बटण दाबायचं, म्हणून दाबलं. ताटवाली होती. समोर एक डबा होता आणि डब्यात पावाचे दोन तुकडे.

"आजी, तुम्ही काय करताय?"

"जुड्या बांधतेय. पटकन बोल."

"बोलायचं नाहीये. मला जेवायचंय. तुम्ही मला कुठंतरी टेकवून ठेवा आणि तुमचं काम करा."

मी तिला पाण्याच्या जारला टेकवून ठेवलं. बायका वाकून वाकून बघायला लागल्या. एक म्हणाली, "आजी, तुमची टीव्ही लागली." दुसरी म्हणाली, "काय गं ताटवाले, तिकडं म्हैस नाही मिळाली का?" ती हसली. हसता हसता तिनं पाव खाल्ला. दोन्ही तुकडे संपवले. मग म्हणाली, "ठेवते," आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा वाजला.

असं रोज सुरू झालं. तिचं दुपारचं जेवण आणि माझी जुड्यांची वेळ. घास तोंडात असला की तिला अजून सुचायचं, त्यामुळे तिकडचं सगळं मला कळायला लागलं. एका मजल्यावर सहा मुलंमुली, त्यांचं एक स्वयंपाकघर. पण कुणी कुणाबरोबर जेवत नाही. "आजी, इथं सगळे आपापलं रांधतात, ताट घेऊन आपापल्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. मी पहिल्या दिवशी एकीच्या मागं ताट घेऊन गेले. तिला वाटलं, माझी काहीतरी तक्रार आहे. दारातच उभी राहून विचारत होती, काय झालं, काय झालं. आता तिला इंग्रजीत काय सांगू, की तू नुसती बस म्हणून?"

हे ऐकून बायका हसल्या. मी हसले नाही. परक्या दारात ताट घेऊन उभी राहिलेली पोरगी मला दिसत होती.

रविवारी तिथं दुकानंसुद्धा बंद. रस्त्यावर माणूस नाही. अंधारही लवकर पडायचा. एकदा म्हणाली, "आजी, काल सकाळपासून आज सकाळपर्यंत मी तोंडातून एक शब्द काढला नाही. मग मुद्दाम दुकानात जाऊन पिशवी मागितली. माझ्याकडं पिशवी होती."

मी विचारलं, "हे आईला सांगितलंस?"

"आईला सांगितलं की आई रडते. रडणाऱ्या माणसासमोर जेवता येतं का? तुम्ही रडत नाही म्हणून तुम्हाला करते."

असं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.

पण ती खचत चालली होती. हे मला आवाजावरून कळायचं. आधी ती बोलायची, मग कमी बोलायला लागली, मग नुसती आमच्या हातांकडं बघत खायची. एक दिवस म्हणाली, "आजी, मी परत येते. मी बाबांना सांगणार आहे. सेमिस्टरबिमिस्टर मला नको."

मी म्हटलं, "अभ्यास जमत नाही का?"

"जमतो. अभ्यास आवडतो."

"मग अभ्यास जमत नाही म्हणून आलीस तर ये. एकटीनं घास उतरत नाही म्हणून येऊ नको. लोकांना काय सांगशील? जर्मनीला जाऊन आले, पण जेवायला कुणी नव्हतं?"

तिला राग आला. "तुम्हाला काय कळणार? तुम्हाला सवय आहे."

मी हातातली जुडी खाली ठेवली. मला कुणी असं बोललं की मी सोडत नाही. मी म्हटलं, "सवय काय जन्मतः असते का? माझे मालक गेले तेव्हा मी वर्षभर उभ्यानं खाल्लंय. ओट्यापाशी उभी राहून, हातावर भाकरी घेऊन. ताट वाढलंच नाही. ताट वाढलं की समोरची जागा दिसायची. मग एके दिवशी स्वतःलाच म्हटलं, हे काय चाललंय? ढोरंसुद्धा आपल्या जागेवर, ठाणावर खातात. त्या दिवशी ताट वाढून घेतलं, खाली बसले आणि जेवले."

तिनं विचारलं, "मग? उतरला घास?"

"उतरला. तुलाही सांगते. उभ्यानं खायचं नाही. डब्यातून खायचं नाही. फोन बघत खायचं नाही. ताट वाढून घ्यायचं, बसायचं. पहिला घास घेताना समोर कोण नाही याचा विचार करायचा नाही. मीठ कसं झालंय ते बघायचं. मिठाचा विचार केला की घास जातो."

ती म्हणाली, "फोन बघत नाही खायचं तर तुम्हाला कसं बघणार?"

"मला नको बघू."

त्या दिवशी तिनं लवकर ठेवला. तरी दुसऱ्या दिवशी फोन आलाच.

दिवाळी जवळ आली. एक दिवस आई आनंदानं खाली आली. तिच्या मावशीच्या जावेचा भाऊ जर्मनीतच निघाला. सिन्नरकडचे लोक, वीस वर्षं तिकडं. घरी नवरा-बायको, म्हातारी आई, त्यांचा पुतण्या, येणं-जाणं भरपूर. त्यांनी सायलीला दिवाळीला बोलावलं होतं. ट्रेननं पाच-सहा तास. "आपलीच माणसं हो आजी," आई म्हणाली. "पोरीला दिवाळीत एकटं राहायला नको."

ताटवाली तर फुलून गेली. रोज फोनवर तेच. त्यांच्याकडं किती माणसं असतील, ती म्हातारी आजी तुमच्यासारखी असेल का, अनारसे असतील का, खाली पंगत बसवतील का. म्हणाली, "आजी, टेबलावर बसले तरी चालेल. सगळे एकदम बसले म्हणजे झालं." बायकाही विचारायच्या, "किती दिवस राहिले गं?" आमच्या ओसरीवर त्या वर्षी दिवाळीची वाट बघणारी तीच एक होती.

लक्ष्मीपूजनाला फोन आला नाही. मी म्हटलं, बरं झालं, माणसांत आहे. पाडव्याला मार्केट बंद होतं. मी रिकामी बसले होते. दहा-साडेदहाला फोन वाजला. ट्रेनच्या खिडकीतून काळंकरडं काहीतरी पळत होतं आणि ही त्या लाल कोटात.

मी म्हटलं, "अगं, भाऊबीजेपर्यंत राहणार होतीस ना?"

"आजी, ते मला बघायला बोलावलं होतं."

"म्हणजे?"

"बघायला. पुतण्यासाठी."

मग तिनं सगळं सांगितलं. गेल्या गेल्या त्या काकूंनी तिला आपली साडी नेसायला दिली. हिला वाटलं दिवाळी आहे म्हणून. मग टेबलाशी बसवलं, बरोबर त्या मुलाच्या समोर. फराळाचं ताट हिच्या पुढं ठेवलं आणि बाकी सगळे, त्यांच्याकडं आलेले दोन पाहुणेसुद्धा, हिच्याकडं बघत बसले. म्हातारीनं विचारलं, उंची किती. काकांनी विचारलं, शिक्षण झाल्यावर इकडंच राहायचं ना. काकू म्हणाल्या, "घे ना गं, लाजतेस काय? तुझी आई सांगत होती, खायला फार आवडतं." तेव्हा हिच्या लक्षात आलं. तो मुलगा पण खाली मान घालून चकली मोडत होता. त्यालाही बिचाऱ्याला आयत्या वेळी सांगितलं होतं. नंतर जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "सॉरी, माझ्या काकूला वाटलं तुला माहीत आहे."

"आजी, टेबलाभोवती सहा माणसं होती. सहा! सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मला लाडवाचा एक घास उतरेना. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, इथून उठावं, कुठंतरी एकटीनं जाऊन बसावं आणि खावं."

मी विचारलं, "मग? उपाशी आहेस?"

"नाही. सकाळी पहिल्या गाडीनं निघाले. गाडीचा डबा रिकामाच होता. बाजूला कुणी नाही, समोर कुणी नाही. आईनं पाठवलेला चिवडा कागदावर काढून घेतला, मांडीवर ठेवला आणि खाल्ला." तिनं कोटावरचे कण झटकले. "मीठ जास्त झालं होतं."

"सगळा खाल्लास?"

"सगळा. मग तुम्हाला फोन केला."

तोवर ती फोन लावून जेवायची. त्या दिवशी जेवून फोन लावला होता. मी हे तिला बोलून दाखवलं नाही. म्हटलं, "ठीक. आता झोप काढ."

फोन ठेवला आणि मी जिना चढून वर गेले. गुडघे दुखतात म्हणून मी वर कधी जात नाही. आई पाडव्याची रांगोळी काढत होती. मी म्हटलं, "बाई, पोरीला न सांगता दाखवायला धाडली?"

ती उठून उभी राहिली. हाताला रंग लागलेला. "दाखवायला कुठं? नुसती ओळख. लगेच काय लग्न लावणार होतो का? शिक्षण होऊ दे म्हणाले होते ते लोक."

"मग तिला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर गेली असती का?"

"नसती गेली."

"मग?" आईचा आवाज चढला. "आजी, ती रात्र-रात्र तिथं एकटी असते. मी इथं काय करू? मला वाटलं, तिकडं कुणीतरी आपलं असावं. उद्या आम्ही नसलो तर कुणाच्या तरी हाती..."

"हाती? पोरगी काय जुडी आहे का, बांधली आणि दिली व्यापाऱ्याच्या हाती?"

वडील आतून बाहेर आले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. मी खाली उतरले. आई माझ्याशी भाऊबीज उलटून गेली तरी बोलली नाही. मग एक दिवस झाकलेलं फराळाचं ताट माझ्या ओसरीवर ठेवून गेली. चिवडा खरंच खारट होता. बाई वाईट नव्हती. पोरीची भूक तिला दिसली होती, पण ती कशाची आहे ते कळलं नाही. आपल्याकडं पोरगी एकटी दिसली की एकच औषध सुचतं.

त्यानंतर फोन रोज यायचा बंद झाला. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. आला तरी तिचं जेवण झालेलं असायचं. बर्फ पडला ते दाखवायची. नदीचं पाणी बाटल्यांत भरून तपासतात ते दाखवायची. कोटाच्या बाहीला चिखल लागलेला असायचा आणि गाल भरलेले. मी विचारायचे, "जेवलीस?" ती म्हणायची, "हो." काय जेवली तेही सांगायची, वरणफळं, खिचडी. तिचं ती करून खात होती. ताट वाढून, बसून. फेब्रुवारीत एकदा वडील जिन्यात भेटले. म्हणाले, "आजी, परीक्षा झाली. मी तिला विचारलं, परत यायचंय का? तर म्हणते, परत कशाला? पुढच्या सेमिस्टरचे विषय घेतले पण." माणूस हसत होता, आणि डोळे ओले होते. मी म्हटलं, "चांगलं झालं."

चांगलंच झालं होतं. त्यात खोटं काही नाही. तो हंगाम जोरात होता, कोथिंबीर भरपूर निघाली, आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. पाच वाजता एखादी बाई म्हणायची, "आजी, टीव्ही नाही का आज?" मी म्हणायचे, "हात चालवा."

उन्हाळ्यात त्यांचा नाशिक रोडचा फ्लॅट तयार झाला आणि ते गेले. टेम्पो भरताना आई माझ्या गळ्यात पडली. मी तिला पाठीवर थोपटलं. वर नवीन भाडेकरू आणले नाहीत. मुलगा म्हणतो, ठेव कुणीतरी, सोबत होईल. मी म्हणते, बघू.

पावसाळ्यात ताटवाली सुट्टीला आली. वडिलांची स्कूटर घेऊन मला भेटायला आली. केस बारीक कापलेले, अंगानं भरलेली, चालणं सरळ. मी आधीच सांगून ठेवलं होतं, जेवायलाच ये. बाजरीची भाकरी केली, मेथी केली, कुरडई तळली. तिला ओसरीवर बसवलं, ताट दिलं आणि मी समोर बसले. बायकांना सांगितलं होतं, आज थोड्या उशिरा लागू कामाला. त्याही येऊन टेकल्या. तिकडचं काय काय ऐकायला मिळेल म्हणून आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होतो.

ती जेवली. अंगणात पाऊस पडत होता, तिकडं बघत सावकाश जेवली. भाकरी मोडायची, भाजी लावायची, नीट चावायची. एक शब्द बोलली नाही. अर्धी भाकरी आणखी मागून घेतली, तीही हातानं खूण करून. ताट स्वच्छ केलं, उठली, मोरीत जाऊन घासून पालथं घातलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या आणि मग एकेक करून मळ्याकडं निघून गेल्या.

मी म्हटलं, "काही बोलली नाहीस गं."

"जेवताना?" तिनं विचारलं. तिला खरंच नवल वाटलं होतं.

मग बोलली. पदर नीट खोचावा तसं सगळं नीट सांगितलं. कॉलेज कसं आहे, पुढं काय करणार, कुठं काम मिळेल. पाहुण्यांना सांगतात तसं. मी ऐकून घेतलं. पाऊस थांबला तशी ती उठली, पाया पडली, स्कूटर चालू केली आणि गेली.

संध्याकाळी नाशिक रोडहून तिच्या आईचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. पाऊस, गुडघे, भाजीचा भाव. मग म्हणाली, "आजी, तुमच्याशी काही बोलली का हो ती? इथं आल्यापासून आमच्याबरोबर टेबलाशी बसते, पण खाली मान घालून जेवते आणि उठते. मी स्वतःहून किती विचारते. हे पण सुट्टी काढून घरी थांबलेत. आम्हाला वाटलं, तुमच्याकडं तरी बोलेल."

मी म्हटलं, "पोटभर जेवली."

"ते हो. पण बोलली का काही?"

खोटं मला सांगता येत नाही आणि खरं तिला माहीतच होतं. मी म्हटलं, "बाई, शिकायला पाठवली होती. शिकली."

फोन तिनं ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.